पंप पाण्यात, बिघाड काठावर

चंद्रपूरहून ताडोब्याच्या मोहर्ली गेटकडे निघालं की शहर संपता संपता दुर्गापूर आणि ऊर्जानगर लागतं. औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या, कोळशाची उघडी खाण, मधोमध कर्मचाऱ्यांची वसाहत आणि कुंपणापलीकडे थेट जंगल. १९८३ पासून इथे वीज तयार होते. आजची क्षमता २९२० मेगावॅट, आणि या संचांची तहान भागवायला इरई धरण. वीज आणि पाणी यांची अशी रेलचेल असलेल्या या पट्ट्यात दरवर्षी माणसं एका घागरीएवढ्या यंत्रापायी रडकुंडीला येतात. ते यंत्र म्हणजे पाण्यात टाकायची मोटर.

दुकानाच्या पाटीवर तिचं नाव सबमर्सिबल, पुस्तकात पाणबुडी पंप, बोलण्यात नुसती मोटर. विहिरीतली मोटर, गाळाची मोटर, कुलरची मोटर. हो, कुलरचीसुद्धा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की चंद्रपुरात कुलरशिवाय घर सापडत नाही, आणि त्या प्रत्येक कुलरच्या टाकीत मुठीएवढा एक पाणबुडी पंप गवताच्या पडद्यांवर पाणी चढवत असतो. म्हणजे हे यंत्र आपल्या ओळखीचं नाही असं म्हणायची सोय कुणालाच नाही. उन्हाळा संपतो, कुलर माळ्यावर जातो, आणि जुलैत इरई नदी फुगली की अर्धा-एक हॉर्सपॉवरची त्याची मोठी भावंडं बाहेर निघतात. २०२२ च्या जुलैत रहमतनगरसारख्या नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. असा पूर ओसरला की घराघरात, दुकानाच्या तळघरात, विहिरीत राहिलेला गढूळ साठा उपसायचं काम याच मोटरीकडे येतं. तिकडे गडचिरोलीत पावसाने आठ दिवस दडी मारली की बोडीतलं किंवा नाल्यातलं पाणी बांधीत चढवून धानाचे परे जगवायचे, रोवणी उरकायची, तेही हिच्याच जिवावर.

बंद पडलेली मोटर घेऊन येणारा प्रत्येक माणूस दुकानात एकच वाक्य बोलतो, "मोटर गेली." मुरलेला दुरुस्तीवाला मोटरीकडे बघतही नाही. तो आधी वायर हातात घेतो, तिचे जोड चाचपतो, प्लग उलटा करून त्याच्या पिना बघतो. कारण पाण्यात बुडालेलं यंत्र कारखान्यातून चांगलं बंदिस्त होऊन आलेलं असतं. घोळ असतो तो पाण्याबाहेर, आपण जोडलेल्या गोष्टींत.

आधी हे यंत्र पाण्यात का उतरलं ते पाहू. काठावरचा पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण तो फक्त पाइपातली हवा काढून घेतो. पाणी वर चढवतो तो बाहेरच्या हवेचा दाब. समुद्रसपाटीला हा दाब पाण्याचा जेमतेम १०.३ मीटर उंच स्तंभ पेलतो. पाइपातलं घर्षण आणि बारीकसारीक गळती वजा केली की प्रत्यक्षात सहा-सात मीटर हाती लागतात. उन्हाळ्यात विहिरी याहून खोल जातात. म्हणून लोक विहिरीच्या पोटात अर्ध्यावर लोखंडी अँगल ठोकून त्यावर मोटर बसवत, तळाच्या फुटवॉल्व्हवर (गावोगाव त्याचा 'फुटबॉल' झाला आहे) भरवसा ठेवून बादलीने पाइप भरत, आणि पहिल्याच मोठ्या पावसात मोटर पाण्याखाली गेली की ती रिवाइंडिंगला नेत. पाणबुडी पंपाने हा सगळा खटाटोप निकालात काढला. तो पाण्यात बसून पाणी वर ढकलतो. ढकलण्याला दहा मीटरची हद्द नाही. मोटरीत जेवढा दम, तेवढी उंची.

वीज आणि पाणी यांना एका डब्यात कोंडण्याची हिंमत पहिल्यांदा तेल विहिरींवर झाली. तिफ्लिसमध्ये जन्मलेला आर्मेनियन अभियंता आर्माइस अरुतुनोव याने विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागात खोल विहिरीत उतरवायचा विद्युत पंप घडवला आणि पुढे अमेरिकेत ओक्लाहोमाच्या तेलक्षेत्रात तो रुजवला. एका माणसाने उचलून नेता येईल असा, गढूळ पाणी उपसणारा पंप मात्र खाणींनी मागितला. स्वीडनच्या फ्लुग्ट कंपनीत सिक्स्टेन एंग्लेसन याने १९४७ मध्ये तो तयार केला. खाणी आणि बांधकामं यांच्यासाठी केलेल्या त्या पंपाचं टोपणनाव पडलं 'पोपट'. कोळशाच्या मुलखात राहणाऱ्याला खाणींच्या या मागणीचं नवल वाटणार नाही. उघडी खाण म्हणजे अखेर एक भलामोठा खड्डा. पावसाळ्यात त्याच्या तळाशी पाणी जमणारच, आणि ते उपसल्याशिवाय कोळसा हाती लागणार नाही.

आपल्याकडे पंपाचा कारखानदारी इतिहास किर्लोस्करवाडीपासून सुरू होतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये वसवलेल्या या गावात आधी नांगर झाले, मग १९२० च्या दशकात पंप. त्याच घराण्यातल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेपाशी पोचले होते. २३ जूनला फुटबॉल संघातली बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक त्या गुहेत अडकला. पावसाचं पाणी आत चढत होतं. पाणबुड्यांनी मुलांना ८ ते १० जुलैदरम्यान बाहेर काढलं, ते सगळ्या जगाने पाहिलं. पण पाणबुडे आत जाऊ शकले ते रात्रंदिवस चाललेल्या उपशामुळे. शेवटचा मुलगा बाहेर आल्यावर काही तासांत मुख्य पंप बंद पडला, गुहेत पाणी भराभर चढू लागलं आणि आत राहिलेल्या बचावपथकाला अक्षरशः पळत सुटावं लागलं. पंप चालू असेतो त्याची कुणी दखल घेत नाही. तो थांबला की कळतं, तो काय करत होता.

आता दुरुस्तीच्या बाकावर एक मोटर उघडी पडली आहे असं समजू. खालची जाळी काढली की पंखा दिसतो, म्हणजे इम्पेलर. त्याच्या दांड्याला सुतळी, केस, प्लास्टिकच्या पिशवीची चिंधी घट्ट गुंडाळलेली. ती कापून काढली की पंखा बोटाने सहज फिरायला हवा. त्याच्या वर तेलाची छोटी कोठी. मिस्त्री बोल्ट सैल करतो आणि तेल एका वाटीत ओततो. तेल पारदर्शक, मधासारखं निघालं तर निभावलं. दुधाळ, चहासारखं निघालं तर पाणी आत शिरलं आहे. ते वाइंडिंगपर्यंत पोचायला आता फारसा अवकाश नाही.

पाणी शिरलं कुठून? फिरत्या दांड्याभोवती दोन गुळगुळीत कड्या एकमेकींवर दाबून बसवलेल्या असतात. त्या बहुधा कार्बनच्या, सिरॅमिकच्या किंवा सिलिकॉन कार्बाइडच्या. एक स्थिर, दुसरी दांड्याबरोबर फिरणारी. यालाच मेकॅनिकल सील म्हणतात, आणि पाणी व वीज यांच्यामध्ये उभा असलेला पहारेकरी हाच. या दोन कड्यांमध्ये पाण्याचा केसाहून पातळ थर असतो. तोच त्यांचं वंगण आणि तोच त्यांचा गारवा. मोटर कोरडी चालली की हा थर उडून जातो, कड्या तापतात, त्यांना तडे जातात. यासाठी तास लागत नाहीत, काही मिनिटं पुरतात. म्हणून "चालू होते का बघू" म्हणून अंगणात कोरडीच फिरवलेली मोटर ही सगळ्यात खर्चिक तपासणी ठरते. तपासायची असेल तर पाण्याने भरलेल्या पिंपात सोडून तपासावी.

हाच हिशेब टाकीतलं पाणी संपत आल्यावर लागू होतो. भोवतालचं पाणी मोटरीला थंड ठेवतं. ते खाली गेलं की अंग उघडं पडतं आणि वाइंडिंग तापू लागतं. कमीत कमी किती पाण्यात ठेवायची ते माहितीपत्रकात दिलेलं असतं. ज्या मोटरीला तरंगता चेंडू, म्हणजे फ्लोट स्विच असतो, ती पाणी उतरताच आपोआप थांबते. मात्र अरुंद खड्ड्यात हा चेंडू भिंतीला टेकून अडकतो, आणि मग मोटर कोरडी चालत राहते किंवा पाणी असून सुरूच होत नाही. तो मोकळा हलतो की नाही हे सोडतानाच पाहिलेलं बरं.

मोटर तळाच्या गाळात ठेवू नये, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि घाईत सगळे विसरतात. दोन विटा रचून त्यावर ठेवली किंवा भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या बादलीत बसवून सोडली की जाळी निम्म्याने कमी तुंबते. सोडायची ती मुठीला बांधलेल्या नायलॉनच्या दोरीने. वायरला धरून लोंबकळवलेली मोटर पहिल्या दिवशी काही बोलत नाही. पण वायर जिथे मोटरीच्या अंगात शिरते तिथला रबरी बुच प्रत्येक हिसक्याला थोडा थोडा सैल होतो, आणि एक दिवस तिथून पाणी आत जातं.

वायरीचं प्रकरण जरा सावकाश सांगायला हवं, कारण गावाकडच्या निम्म्या तक्रारी त्यातून उगवतात. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. सिंगल फेजवर अशी मोटर चालताना साधारण सहा अँपिअर करंट घेते, आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या पाच-सहा पट, म्हणजे तिसेक अँपिअर. आता समजा घर ते विहीर ५० मीटर अंतर आहे आणि दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची लवचिक वायर ओढली आहे. जाऊन-येऊन १०० मीटर तांबं. त्याचा रोध सुमारे १.३ ओहम. चालताना वायरीत आठ व्होल्ट मुरतात, ते चालतं. पण सुरू होताना चाळीस व्होल्ट मुरतात. संध्याकाळी गावात आधीच १९० व्होल्ट येत असतील तर मोटरीच्या वाट्याला उरले दीडशे. इंडक्शन मोटरीचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. म्हणजे २३० ऐवजी १५० मिळाले की जोर निम्म्याहूनही खाली येतो. मोटर गुणगुणते, फिरत नाही, आणि न फिरता तो सगळा करंट पोटात घेऊन बसते. वाइंडिंग जळतं ते असं. माणूस म्हणतो कंपनी खराब. अडीच स्क्वेअर एमएमची वायर घेतली असती तर चाळीसच्या जागी चोवीस व्होल्ट मुरले असते आणि बहुधा मोटर फिरली असती. घरातली इस्त्रीची किंवा टेबलफॅनची जुनी वायर जोडून लांबी वाढवणाऱ्यांचा हिशेब तर इथे मांडायलाच नको.

महाराष्ट्रातल्या एका मोठ्या वीज केंद्राच्या शेजारच्या गावात व्होल्टेज पडावं, याला दिव्याखालचा अंधार म्हणायचा मोह होतो. पण केंद्रातली वीज चारशे केव्हीच्या तारांवरून दूर निघून जाते; गावाच्या वाट्याला येतो तो डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, भार. रोवणीच्या दिवसांत त्या एका डीपीवर किती मोटरी एकदम सुरू होतात, यावर व्होल्टेज ठरतं. वीज परत येताच मोटर आपोआप सुरू करणारे ऑटोस्विच काढा, असं महावितरण शेतकऱ्यांना वारंवार सांगतं ते त्यासाठीच. सगळ्या मोटरींनी एकाच क्षणी पाच-सहा पट करंट मागितला की डीपीच बसतो.

आता जोड. विहिरीच्या काठावर, ओल्या गवतात, दोन वायरींचे पीळ घातलेले टोक. त्यावर काळी टेप, टेपवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीवर सुतळी. हे दृश्य विदर्भातच कशाला, कुठेही दिसेल. पिशवी पाणी बाहेर ठेवत नाही, आत शिरलेलं पाणी धरून ठेवते. पाण्यात किंवा ओल्यात जोड असूच नये, आणि द्यावाच लागला तर उंचावर, कोरड्या जागी, झाकण असलेल्या पेटीत द्यावा. तिसरी, हिरवी वायर कापून टाकून दोन पिनांवर मोटर चालवणं तर सर्रास चालतं. अर्थिंग हा न दिसणारा खर्च आहे, म्हणून तो आधी कापला जातो. त्याहून वाईट म्हणजे न्यूट्रल नाही म्हणून जमिनीत ठोकलेल्या सळईवरून परतीचा करंट पाठवणं. अशा सळईभोवतीच्या ओल्या मातीत दोन पायांमध्येसुद्धा व्होल्टेज उभं राहतं.

शॉकचं गणित बहुतेकांच्या मनात उलटं असतं. "आमच्याकडे एमसीबी आहे" असं लोक निर्धास्तपणे सांगतात. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. दहा अँपिअरचा एमसीबी दहाच्या वर बराच करंट गेल्याशिवाय हलत नाही. ओल्या माणसाच्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला तर २३० व्होल्टला त्याच्यातून पाव अँपिअरही जात नाही. एमसीबीच्या लेखी तो एखादा लहानसा दिवा असतो. जीव जायला मात्र त्याचा चौथा हिस्साही पुरतो. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात चार्ल्स डॅल्झील या प्राध्यापकाने स्वयंसेवकांवर प्रयोग करून पाहिलं, की हाताने धरलेली वायर माणूस किती करंटपर्यंत सोडू शकतो. पुरुषांची सरासरी निघाली सोळा मिलीअँपिअर, स्त्रियांची साडेदहा. त्यापुढे हाताचे स्नायू आवळतात आणि वायर सुटत नाही. याच डॅल्झीलने १९६१ मध्ये गळणारा करंट ओळखून वीज तोडणारं उपकरण तयार केलं. आपल्याकडे ज्याला आरसीसीबी म्हणतात किंवा जुन्या सवयीने ईएलसीबी, ते त्याच कुळातलं.

त्याची युक्ती साधी आहे. एका वायरीने जेवढा करंट गेला तेवढाच दुसरीने परत आला पाहिजे. तीस मिलीअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तो पाण्यातून, जमिनीतून किंवा माणसातून वाट काढतो आहे. मग प्रमाणानुसार सेकंदाच्या तीनदशांश भागाच्या आत, आणि प्रत्यक्षात बहुधा त्याहून लवकर, वीज तुटते. पाण्यातल्या मोटरीला आणि कुलरला दुसरं काही नसलं तरी हे हवंच. आरसीसीबी सारखा पडतो म्हणून त्याला वगळून थेट जोडणारे मिस्त्री आहेत. पडतो याचा अर्थ कुठेतरी गळती आहे आणि ते उपकरण तेच ओरडून सांगतं आहे.

तरीही मोटर चालू असताना त्या पाण्यात उतरायचं नाही. स्विच बंद केला म्हणूनही नाही. घरातल्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतील तर स्विच बंद असूनही मोटरीपर्यंत फेज पोचलेला असतो. प्लग उपटून बाहेर काढायचा आणि ज्याला पाण्यात जायचं आहे त्यानेच तो हातात धरायचा, म्हणजे दुसरा कुणी मागून लावणार नाही. कुलरमध्ये पाणी भरतानाही हाच नियम. उन्हाळ्यात पाइप हातात धरून, चालू कुलरच्या पत्र्याला टेकून पाणी भरताना गेलेल्या माणसांच्या बातम्या विदर्भात नव्या नाहीत. कुणाला शॉक लागलाच तर आधी वीज तोडायची, मग हात लावायचा. श्वास थांबला असेल तर १०८ ला फोन लावून छातीच्या मध्यभागी मिनिटाला शंभर ते एकशेवीस या वेगाने, पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहायचं.

बिघाड शोधण्याची सगळ्यात चांगली पद्धत कानाने. फोनवर दुरुस्तीवाल्याचा पहिला प्रश्न असतो, "आवाज येते का जी?" आवाजच नसेल तर मोटर उघडायची नाही. सॉकेटमध्ये दुसरं काही लावून वीज आहे का ते बघायचं, मग फ्यूज, प्लग, फ्लोट. मोटर तापून आतला थर्मल कट-आऊट पडला असेल तर अर्ध्या तासाने ती आपसूक जिवंत होते. त्या वेळी कुणाचा हात पंख्यात असू नये म्हणूनच प्लग काढून ठेवायचा.

गुणगुण आहे पण पाणी नाही, असं उत्तर आलं तर ताबडतोब बंद. आरोपी तीन: कमी व्होल्टेज, अडकलेला पंखा किंवा गेलेला कपॅसिटर. पंखा काढीने फिरवून कळतो. कपॅसिटर ही स्वस्तातली वस्तू. फुगलेला किंवा पाझरलेला असेल तर त्याच मायक्रोफॅरडचा दुसरा घालायचा. फक्त बंद केल्यावरही त्यात वीज साठून राहते, तेव्हा तो हाताळणं जाणत्याचं काम.

मोटर छान फिरते आहे, आवाज स्वच्छ आहे आणि पाणी मात्र येत नाही, ही तक्रार नवशिक्याला चक्रावून टाकते. बहुतेक वेळा पंपात हवा अडकलेली असते. सरळ पाण्यात सोडल्याने पंख्याभोवती बुडबुडा राहतो आणि पंखा हवेतच फिरत बसतो. प्लग काढायचा, मोटर बाहेर न काढता पाण्यातच तिरकी करायची. बुडबुडे वर आले की काम झालं. नाहीतर चपटा पाइप कुठेतरी मुडपलेला असतो, दाराच्या उंबऱ्यावर दुमडून. तीन फेजच्या मोटरीत आणखी एक गंमत असते: दोन फेज उलटे लागले तर पंखा उलटा फिरतो आणि तरीही थोडं पाणी देतो, म्हणून चूक लवकर ध्यानात येत नाही.

पाणी येतं पण कमी, असं असेल तर आधी उंची मोजावी. मोटरीच्या पट्टीवर लिहिलेलं 'कमाल हेड १२ मीटर' आणि 'कमाल २०० लिटर दर मिनिट' हे दोन आकडे एकाच वेळी खरे नसतात. बारा मीटरवर पाणी शून्य, आणि दोनशे लिटर जवळजवळ सपाटीवर. लोक दोन्ही एकत्र वाचतात आणि दुकानदाराशी भांडतात. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत दोन फूट पाणी म्हणजे सुमारे ६८०० लिटर. मिनिटाला दोनशेने चौतीस मिनिटं, पण पाइप गच्चीवरून पलीकडे टाकला तर त्याच्या दुप्पट वेळ धरावा. पाइप आखूड आणि तोंडाएवढाच रुंद ठेवला की फुकटात पाणी वाढतं. शेवटचा प्रकार, लावताक्षणी आरसीसीबी पडणारी मोटर. तिचं इन्सुलेशन मेगरने मोजावं लागतं; एक मेगाओहमच्या खाली गेलं असेल तर ती मोटर पाण्यात टाकायची नाही.

घाई हीच काही ठिकाणी धोका असते. पूर उतरला की तळघर एका दमात रिकामं करावंसं वाटतं. पण बाहेरची माती अजून पाण्याने गच्च असते. आतलं पाणी भिंतीला आतून आधार देत असतं, तो काढून घेतला की बाहेरच्या दाबाने भिंत आत येते. अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेचा सल्ला असा, की फूटभर पाणी काढा, खूण करा, रात्रभर थांबा. सकाळी पाणी खुणेच्या वर चढलेलं असेल तर अजून वेळ आलेली नाही. न बांधलेल्या, मातीच्या विहिरीलाही हेच लागू.

आणि विहिरीत उतरण्याआधी आणखी एक. डिझेल किंवा पेट्रोलचं इंजिन विहिरीच्या आत ठेवून पाणी उपसलं तर कार्बन मोनॉक्साइड तळाशी कोंडतो. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायू आहे की नाही एवढंच सांगते. कार्बन मोनॉक्साइडमध्ये कंदील जळत राहतो, माणूस मात्र पडतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसरा आणि तिसराही पडतो. अशा बातम्यांत मृतांची संख्या एकावर क्वचित थांबते, ती यामुळे. विजेची पाणबुडी मोटर या बाबतीत उजवी आहे: ती दोरीने वर खेचता येते, तिच्यासाठी कुणी खाली उतरायची गरज नाही. दोरी वायरीपेक्षा मजबूत घ्या म्हणतात ते याचसाठीही.

चंद्रपूरच्या शेतकऱ्याला आणखी एक धोका आहे, जो कोणत्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या तालुक्यांत शेत आणि वाघ यांच्यात कुंपण नाही. शेतीच्या फिडरला रात्रीची पाळी आली की मोटर सुरू करायला माणसाला अंधारात बांधावर जावं लागतं. खुद्द वीज केंद्राच्या आवारात फेब्रुवारी २०२२ मध्ये वाघाने एका कामगाराचा बळी घेतला होता. त्यामुळे दिवसा वीज द्या ही इथली मागणी सोयीपुरती नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि सौर पंप यांच्याकडे इथले लोक वेगळ्या आशेने बघतात ते त्यापायी. सूर्य असेल तेव्हाच पंप चालेल, आणि वाघ दिसायलाही उजेड असेल. ताडोब्यात तर वाघांच्या पाणवठ्यांवरही सौर पंप आहेत.

पाणी उपसून झालं की मोटर तशीच कोपऱ्यात टाकू नये. स्वच्छ पाण्याच्या पिंपात पाच मिनिटं चालवली की पोटातला गाळ निघून जातो. तो सुकला तर पुढच्या मोसमात पंखा सिमेंटसारखा धरून बसतो. वायर सैल वेटोळ्यांनी गुंडाळून सावलीत ठेवावी, कारण इथल्या मेच्या उन्हात तिचं आवरण कडक होऊन तडकतं. मृगाच्या आधी एकदा मोटर पिंपात चालवून पाहावी. आणि त्याच दिवशी घरातल्या आरसीसीबीवरचं 'टी' लिहिलेलं छोटं बटण दाबावं. खटका पडला तर ठीक. पडला नाही, तर तो बदलेपर्यंत मोटर पाण्यात सोडू नका.